एकेरी वाटेचे दार : अर्धसंवाहक डायोड आणि वीजपुरवठा



शताब्दी व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि संगीत यांच्या पंक्तीला विद्युत्‌शास्त्रातील एका लहानशा वस्तूलाही पाट मांडावा असे संयोजकांना वाटले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. वडोदऱ्यातील श्रोत्यांसमोर विजेविषयी बोलताना वक्त्याची एक मोठी सोय होते. रोहित्र, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला ट्रान्सफॉर्मर, ही वस्तू या शहराला परकी नाही. ती बनविणारे कारखाने शहराच्या आसपास आहेत आणि येथील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ त्यांवर चालत आला आहे. रोहित्र आकाराने मोठे, म्हणून त्याचा मानही मोठा. त्याच्यापुढे बसलेल्या, तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या डायोडकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आज त्याच्याकडे पाहू.

घरी गेल्यावर मोबाईलच्या चार्जरवरील बारीक अक्षरे भिंग लावून वाचा. ‘इनपुट’ या शब्दापुढे नागमोडी रेघेची एक खूण असते. ‘आउटपुट’पुढे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते. पहिली खूण प्रत्यावर्ती प्रवाहाची, म्हणजे ए.सी.ची, दुसरी एकदिश प्रवाहाची, म्हणजे डी.सी.ची. या दोन खुणांमधील अंतर कापण्याचे काम ज्याच्यावाचून सुरूच होत नाही, तो डायोड.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते व तिची सेकंदाला ५० आवर्तने होतात. म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदात १०० वेळा उलटते. पंख्याला किंवा पाणी तापविण्याच्या सळईला याचे काही वाटत नाही. पण रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक, मोबाईल या सर्वांना एकाच दिशेने आणि एकसारख्या दाबाने वाहणारी वीज लागते. मग वीज मंडळाने सरळ एकदिश वीजच का पुरवू नये? याचे उत्तर रोहित्रात आहे. तेवढीच शक्ती दसपट दाबाने पाठविली तर प्रवाह एक दशांश पुरतो आणि तारांत उष्णतेच्या रूपाने होणारी हानी एक शतांशावर येते. म्हणून वीज दूर न्यायची तर दाब वाढवावा लागतो आणि घराजवळ आणल्यावर तो उतरवावा लागतो. हे चढविणे-उतरविणे रोहित्र फार स्वस्तात करते. परंतु त्याचे काम केवळ बदलत्या प्रवाहावर चालते. अशा रीतीने वाहतुकीला एका स्वभावाची वीज सोयीची आणि उपकरणांना दुसऱ्या स्वभावाची वीज आवश्यक, असा पेच उभा राहिला.

तो सोडविणाऱ्या वस्तूचे कार्य विहिरीवरील पंपाच्या फूट व्हॉल्व्हसारखे आहे. विहिरीतील पाणी त्या झडपेतून वर चढते. पंप थांबला की झडप मिटते आणि चढलेले पाणी खाली उतरू शकत नाही. डायोड हा विजेचा फूट व्हॉल्व्ह होय. फरक इतकाच की त्यात हलणारा एकही भाग नाही. मग झडप मिटते ती कशाने?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पाऊणशे वर्षे लागली. १८७४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राऊन यांना असे आढळले की, गंधकयुक्त काही खनिजांतून वीज एका दिशेने सुलभतेने जाते आणि उलट दिशेने तितकी जात नाही. कारण त्यांना सांगता आले नाही. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी विद्युत्‌चुंबकीय लहरी ओळखण्यासाठी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा उपयोग केला. त्या साधनाच्या अमेरिकन पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये ते मंजूर झाले. अर्धसंवाहक उपकरणाचे जगातील पहिले पेटंट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याच १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी काचेच्या निर्वात नळीतील डायोड सिद्ध केला. पुढे काही दशके राज्य चालले ते या नळीचे. जुन्या रेडिओचे बटण फिरविल्यावर आवाज येण्यास थोडा वेळ लागे, तो तिची तार तापण्याचा वेळ होता.

खनिजाचा मार्ग पुन्हा खुला झाला तो १९४० मध्ये. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे रसेल ओल हे सिलिकॉनचा एक तुकडा तपासत असताना त्यावर प्रकाश पडताच सुमारे अर्धा व्होल्ट दाब निर्माण होतो असे त्यांना दिसले. त्या तुकड्याच्या दोन भागांत निरनिराळी अशुद्धद्रव्ये साचली होती आणि त्यांच्यामध्ये आपोआप एक सीमा तयार झाली होती. या सीमेला पी-एन संधी म्हणतात. तिची सुसंगत उपपत्ती विल्यम शॉक्ली यांनी १९४९ मध्ये मांडली.

ती उपपत्ती अवघड गणित टाळून सांगता येण्याजोगी आहे. सिलिकॉनच्या अणूच्या बाहेरील कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी जणू हातात हात गुंफून उभा असतो. त्यामुळे एकही हात मोकळा राहत नाही. नेहमीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनमध्ये सुमारे पाच लाख कोटी अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन सुटा सापडतो. म्हणून शुद्ध सिलिकॉन जवळजवळ विद्युत्‌रोधकच आहे. आता त्यात एक कोटी अणूंमागे एक या हिशेबाने फॉस्फरस मिसळा. फॉस्फरसला पाच हात. चार गुंतले की पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा. एवढ्याशा मिश्रणाने मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या सुमारे पाच लाख पटींनी वाढते. कोटीत एक हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे या धंद्यात आधी सिलिकॉन कमालीचे शुद्ध करून मग त्यात मोजून अशुद्धी का घालतात, हे कळेल. फॉस्फरसयुक्त भागाला एन-प्रकार म्हणतात.

फॉस्फरसऐवजी बोरॉन घातले तर त्याला तीनच हात असतात. एक जागा रिकामी राहते. तिला पोकळी म्हणतात. या सभागृहातील एका रांगेत एक खुर्ची रिकामी आहे असे समजा. शेजारचा श्रोता तीत सरकला, त्याच्या जागी त्याचा शेजारी सरकला, असे होत गेले तर माणसे डावीकडे जातील आणि रिकामी खुर्ची उजवीकडे गेल्यासारखी दिसेल. पोकळी अशीच चालते आणि धन विद्युत्‌भारासारखी वागते. या भागाला पी-प्रकार म्हणतात.

एकाच स्फटिकात हे दोन भाग लागून असले की सीमेजवळचे इलेक्ट्रॉन पलीकडच्या पोकळ्यांत जाऊन बसतात. पण फॉस्फरसचे अणू जागचे हलत नाहीत. इलेक्ट्रॉन गमावल्याने ते धनभारित होतात; तिकडे इलेक्ट्रॉन मिळालेले बोरॉनचे अणू ऋणभारित होतात. सीमेच्या दोन्ही बाजूंस मिळून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास रुंदीचा एक ओसाड पट्टा तयार होतो. त्यात मोकळा वाहक उरत नाही आणि त्यातील विद्युत्‌क्षेत्र नव्याने येणाऱ्या वाहकांना मागे ढकलते. हीच ती झडप. पी-भागाला घटाचे धन अग्र व एन-भागाला ऋण अग्र जोडले की हा अडसर खाली येतो, पट्टा अरुंद होतो आणि प्रवाह सुरू होतो. जोडणी उलटी केली की वाहक सीमेपासून मागे ओढले जातात, पट्टा रुंदावतो आणि वाट बंद होते.

हे दार आदर्श नाही. त्याचे तीन दोष कोणत्याही वीजपुरवठ्याच्या आराखड्यात हिशेबात धरावे लागतात. पहिला दोष जकातीचा. सिलिकॉन डायोडमधून पुरेसा प्रवाह जाऊ देण्यासाठी सुमारे ०.७ व्होल्ट मोजावे लागतात. एक अँपिअर प्रवाहाला याचा अर्थ ०.७ वॉट उष्णता. दुसरा दोष गळतीचा. दार मिटलेले असतानाही अत्यल्प प्रवाह उलट झिरपतो, आणि ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढले की ही गळती दुप्पट होते. तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा. मिटलेले दार किती जोराचा धक्का सोसेल याला मर्यादा असते. ती ओलांडली की उलट प्रवाहाचा लोंढा सुटतो आणि तो आवरला नाही तर डायोड जळतो. दुकानात डायोड मागताना आपण ‘किती अँपिअरचा?’ असे विचारतो. त्याच्या जोडीला ‘मिटल्यावर किती व्होल्ट सोसणारा?’ हेही विचारावयास हवे. दाराची खरी परीक्षा ते मिटलेले असताना होते.

आता हे दार वीजपुरवठ्यात बसवून पाहू. रोहित्राने २३० व्होल्टचे १२ व्होल्ट केले आणि पुढे एकच डायोड जोडला, तर आवर्तनाचा अर्धा भाग पलीकडे जाईल व अर्धा अडेल. सेकंदाला ५० ठोके मिळतील. हा अर्धतरंग एकदिशकारक, म्हणजे हाफ-वेव्ह रेक्टिफायर. दोन डायोड आणि मध्यातून तार काढलेले रोहित्र घेतले तर दोन्ही अर्धे उपयोगी पडतात. मध्याची तार नको असेल तर चार डायोडांचा चौकोन करतात. त्याला ब्रिज म्हणतात. प्रवाह कोणत्याही दिशेने येवो, चौकोनातील समोरासमोरचे दोन डायोड उघडतात, उरलेले दोन मिटतात आणि बाहेर पडणारी वीज एकाच दिशेने जाते. आता ठोके १०० झाले.

परंतु ठोके म्हणजे संथ प्रवाह नव्हे. येथे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, मदतीला येते. नगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते. तरी आपल्या नळाला दिवसभर पाणी असते, ते गच्चीवरील टाकीमुळे. धारित्र ही विजेची टाकी आहे. ठोक्याच्या शिखराशी ती भरते आणि दोन ठोक्यांमधल्या काळात उपकरणाला पुरवठा करते. भरलेली टाकी मागे रिकामी होऊ नये ही जबाबदारी पुन्हा डायोडचीच.

थोडे आकडे मांडू. १२ व्होल्ट हे प्रत्यावर्ती दाबाचे परिणामी मूल्य. त्याचे शिखर १.४१४ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोडांची जकात, १.४ व्होल्ट, वजा जाता धारित्र १५.६ व्होल्टपर्यंत भरते. उपकरण अर्धा अँपिअर घेत असेल आणि धारित्र २२०० मायक्रोफॅरडचे असेल, तर दोन ठोक्यांमधल्या शंभराव्या भाग सेकंदात दाब सुमारे २.३ व्होल्टनी उतरतो आणि १३.३ वर येतो. ही चढउतार रेडिओत घुमणाऱ्या आवाजाच्या रूपाने ऐकू येते. ४७०० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले तर उतार सुमारे १.१ व्होल्टवर येतो आणि दाब १४.५ च्या खाली जात नाही.

यापुढे नेमके १२ व्होल्ट हवे असतील तर नियामक लागतो. ७८१२ या क्रमांकाचा परिचित नियामक आपल्याला मिळणाऱ्या दाबातील दोनेक व्होल्ट स्वतःसाठी राखून ठेवतो. म्हणजे त्याला १४ व्होल्ट तरी हवेत. आपले १४.५ आहेत, म्हणून सर्व ठीक वाटते. पण उन्हाळ्यातील संध्याकाळी घरचा दाब २०० व्होल्टवर आला तर? शिखर १४.८, जकात वजा जाता १३.४, आणि उतार धरला तर १२.३. नियामकाने हात टेकले! उपाय म्हणून १५ व्होल्टचे रोहित्र घ्यावे. मग २०० व्होल्टलाही सुमारे १६ व्होल्ट उरतात. परंतु दाब २३० असताना जास्तीचे सातेक व्होल्ट नियामकात जिरतात आणि साडेतीन वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याला ॲल्युमिनियमचा पत्रा जोडावा लागतो. अशा संदर्भासाठी नियामकाला एक स्थिर दाब हवा असतो. साध्या मंडलात तो झेनर डायोड पुरवितो. मिटलेल्या दारातून ठरलेल्या दाबाला जो लोंढा सुटतो, तोच येथे रोधकाने आवरून मापदंड म्हणून वापरलेला असतो. दोष समजला की त्याचा गुण करता येतो, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

आता धक्क्याचा हिशेब. २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट. रोहित्र न घेता एका डायोडने सरळ धारित्र भरले तर धारित्रावर ३२५ व्होल्ट राहतात आणि उलट्या अर्ध्या आवर्तनात दुसऱ्या बाजूने आणखी ३२५ येतात. मिटलेल्या डायोडवर ६५० व्होल्ट पडतात. ४०० व्होल्ट सोसणारा १एन४००४ येथे टिकणार नाही. १००० व्होल्टचा १एन४००७ घ्यावा लागेल. दोघेही एक अँपिअरचेच. ब्रिजमध्ये मात्र प्रत्येक डायोडवर एका शिखराएवढाच ताण येतो. चार डायोड घेण्याचा हा एक लाभ.

या विषयाचा मोठ्या प्रमाणावरील पाठ वडोदरा-मुंबई रेल्वेमार्गाने पुष्कळ वर्षे दिला. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती १५०० व्होल्ट एकदिश विजेवर. कारण त्या काळी गाडी ओढण्यास सोयीची मोटर एकदिश विजेची होती. पुढे १९७० च्या दशकात वडोदरा ते विरार या भागावर २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती वीज आली. म्हणजे विरारजवळ दोन स्वभावांच्या विजांची सीमा तयार झाली. तेथे इंजिन बदलावे लागू नये म्हणून दोन्ही विजांवर चालणारी इंजिने बनविली गेली. प्रत्यावर्ती भागात इंजिनातील रोहित्र दाब उतरवी, सिलिकॉन डायोडांचा संच तो एकदिश करी आणि मग मोटरी फिरत; एकदिश भागात हा संच मोकळा राही. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेचा मुंबईतील भागही २५,००० व्होल्टवर आला आणि विरारची ती सीमा मिटली. आपल्या खिशातील चार्जर आणि ते इंजिन यांचे काम तत्त्वतः एकच.

चार्जर मात्र आज इतका लहान कसा? जुन्या अडॅप्टरमध्ये ५० आवर्तनांवर चालणारे लोखंडी रोहित्र असे. त्याचे वजन हाताला जाणवे. आताचा चार्जर क्रम उलटा करतो. आधी डायोड घरची वीज एकदिश करून धारित्र सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतात. नंतर एक ट्रान्झिस्टर ती वीज सेकंदाला हजारो, लाखो वेळा तोडतो. इतक्या जलद बदलाला बोटाच्या पेराएवढे रोहित्रही पुरते. पलीकडे ५ व्होल्टची वीज पुन्हा एकदिश करावी लागते, आणि तेथे ०.७ व्होल्टची जकात फार जड होते. पाचातले सात दशांश म्हणजे सातवा भाग. म्हणून तेथे धातू व अर्धसंवाहक यांच्या संधीचा शॉट्की डायोड बसवितात. तो निम्म्याच्या आसपास जकात घेतो. अलीकडे कित्येक चार्जरांत डायोडऐवजी वेळेवर उघडमीट करणारा ट्रान्झिस्टरच तेथे ठेवतात.

पी-एन संधीची आणखी दोन रूपे आपल्या घरात आली आहेत. ओल यांना १९४० मध्ये जे दिसले, त्याच तत्त्वावर गच्चीवरील सौर पट चालतो. त्याच्या मागच्या डबीत साधे डायोडही असतात. पटाच्या एका भागावर पान किंवा सावली पडली तर तो भाग इतरांची वीज अडवितो आणि तापतो. अशा वेळी हे डायोड प्रवाहाला बाजूने वाट देतात. उलटपक्षी, संधीतून प्रवाह जाताना इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांचे मीलन होऊन प्रकाश बाहेर पडला की एलईडी दिवा होतो. सिलिकॉन या कामास चालत नाही, निराळे अर्धसंवाहक लागतात. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर पांढऱ्या प्रकाशाच्या दिव्यांना वेगळी ओळख करून देण्याची गरज उरली नाही. असा दिवा अकाली विझला तर पुष्कळदा त्याच्या बुडाशी असलेल्या वीजपुरवठ्यात बिघाड असतो. बंदिस्त काचेच्या गोळ्यात तो कोंडून तापू देऊ नये, कारण त्यातील धारित्राचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते.

ज्या सभासदांना, विशेषतः तरुणांना, हे उघडून पाहावेसे वाटेल, त्यांना एक सूचना आवर्जून करतो. चार्जर किंवा संगणकाचा पुरवठा खटक्यातून काढला म्हणजे तो निर्विज झाला असे समजू नका. आतील धारित्रात ३२५ व्होल्टचा भार काही काळ टिकून राहू शकतो, आणि तो टिकतो याचे कारण मागची वाट डायोडने बंद केलेली असते. आरंभ करायचा तर रोहित्रामागच्या १२ व्होल्टच्या बाजूने करावा. चार डायोड, एक धारित्र, एक रोधक आणि एक लहान दिवा, एवढे साहित्य पुरे आहे. धारित्र जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर दाबमापकावर दिसणारे आकडे कागदावर लिहावेत व वर सांगितलेल्या हिशेबाशी ताडून पाहावेत. कमी भार असेल तर रोहित्र १२ हून थोडे अधिक व्होल्ट देते, त्यामुळे आकडा जरा वर दिसेल. तेवढा फरक का पडला हे शोधू लागलात की अभ्यास सुरू झाला.